चिनी माणूस आवाज चढवून प्रश्न कसा विचारतो?

‘दूध उतू गेलं.’ सरळ म्हटलं तर ही बातमी. शेवटच्या ‘गेलं’वर आवाज थोडा वर नेला की तिचाच प्रश्न होतो: ‘दूध उतू गेलं?’ शब्द तेच, क्रम तोच, बदलला तो फक्त सूर. मराठीत हे इतकं अंगवळणी पडलेलं आहे की त्याला व्याकरण म्हणावं असं कुणाच्या मनातही येत नाही. शाळेत आपल्याला प्रश्नचिन्ह शिकवतात. ते चिन्ह ज्या सुराची खूण आहे, तो सूर मात्र आपण त्याच्या कितीतरी आधी घरातच उचललेला असतो.

आता चिनीचं बघू. चिनी म्हणजे इथे मँडरिन, बीजिंगच्या बोलीवर बेतलेली प्रमाणभाषा. तिची एक गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. ‘मा’ हे एकच अक्षर सपाट उंच सुरात म्हटलं तर आई, चढत्या सुरात ताग, खालच्या सुरात घोडा आणि उतरत्या सुरात शिव्या देणं. ‘माइ’ खालच्या सुरात म्हटलं की विकत घेणं, उतरत्या सुरात म्हटलं की विकणं. म्हणजे बाजारातला सगळा व्यवहारच सुरावर टांगलेला.

मग कोडं पडतं. सूर जर शब्दाच्या मालकीचा, तर वाक्याच्या वाट्याला काय उरलं? प्रश्न विचारायला आवाज वर न्यावा तर शेवटच्या शब्दाचा अर्थच पालटायचा. चिनी माणसं चिडतात, शंका काढतात, लाडीगोडी लावतात, टोमणे मारतात. हे सगळं ती एकसुरी आवाजात करत असतील, हे तर शक्यच नाही. बीजिंगच्या भाजीबाजारात पाच मिनिटं कान देऊन उभं राहिलं तरी एवढं कळतं.

हे कोडं एकट्या चिनीचंही नाही. आपल्याकडे मिझो, मणिपुरी या भाषांत सूर अर्थ ठरवतो. पंजाबीतही तेच: घोडा, चाबूक आणि कुष्ठरोगी या तिघांना पंजाबी माणूस जवळपास सारखंच ‘कोडा’ म्हणतो, फरक सुराचा. पण या प्रश्नावर जितकं काम मँडरिनमध्ये झालं आहे तितकं क्वचितच दुसऱ्या कुठल्या भाषेत झालं असेल.

सूर कागदावर मांडायचा कसा?

सहाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण चीनमध्ये ल्यांग घराण्याचा सम्राट वू राज्य करत होता. त्या काळातले कवी चार सुरांचा हिशेब ठेवून ओळी रचू लागले होते. इतिहासग्रंथात नोंद आहे की सम्राटाने जौ श नावाच्या दरबाऱ्याला विचारलं, हे चार सूर म्हणजे आहे तरी काय? दरबाऱ्याने चार अक्षरांत उत्तर दिलं. अर्थ असा की, स्वर्गपुत्र महाराज प्रज्ञावंत आहेत. आणि ती चार अक्षरं त्या काळच्या चार सुरांत ओळीने बसलेली! खुशामत आणि उदाहरण एकाच दमात. तरीही सम्राटाने सुरांचा हिशेब काही पाळला नाही, असं तीच नोंद सांगते. सूर शब्दांत समजावून सांगणं किती अवघड आहे, हे त्यावरून कळावं.

इतिहासकार चेन यिनख यांनी १९३४ मध्ये असं मांडलं की, चिनी पंडितांना आपल्याच भाषेतल्या सुरांची जाणीव झाली ती बौद्ध भिक्षूंमार्फत पोचलेल्या उदात्त, अनुदात्त, स्वरित या वैदिक स्वरांमुळे. आपल्याला सुखावणारी कल्पना आहे, पण बौद्ध पठण वैदिक पद्धतीचं नव्हतं असा आक्षेप अनेक अभ्यासकांनी घेतला आणि तो बिनतोड वाटतो.

सुरांना मोजपट्टी लावली ती चाओ युएन-रन यांनी (१८९२–१९८२). हा माणूस विलक्षण होता. अमेरिकेत गणित आणि तत्त्वज्ञान शिकला, बर्ट्रांड रसेल चीनला आले तेव्हा त्यांचा दुभाषी झाला, ‘ॲलिस इन वंडरलँड’ चिनीत आणलं, गाण्यांना चाली लावल्या आणि शेवटी भाषाशास्त्रात रमला. १९३० मध्ये चाओंनी साधी युक्ती सुचवली. बोलणाऱ्याच्या नेहमीच्या आवाजाचा खालचा काठ म्हणजे १, वरचा काठ म्हणजे ५. मधल्या तीन पायऱ्या धरून कुठलाही सूर दोन-तीन आकड्यांत लिहिता येतो.

चौकट : मँडरिनचे सूर, चाओंच्या आकड्यांत

पहिला : ५५. उंच आणि सपाट.
दुसरा : ३५. मधून वर चढणारा.
तिसरा : २१४. खाली जाऊन पुन्हा वर येणारा. पण चालत्या वाक्यात बहुधा नुसता खालीच राहणारा (२१).
चौथा : ५१. वरून खाली झपकन उतरणारा.
हलका : स्वतःची उंची नसलेला, तोकडा. आधीच्या अक्षराच्या सुरावरून त्याची जागा ठरते.

या आकड्यांत एक मोठी सोय दडलेली आहे. स्वरयंत्रातले दोन पडदे सेकंदाला जितक्या वेळा थरथरतात तितका आवाज उंच. साधारण बोलताना पुरुषाचे पडदे सेकंदाला शंभर ते सव्वाशे वेळा थरथरतात, बाईचे दोनशेच्या आसपास. म्हणजे पुरुषाचा ‘उंच’ सूर बाईच्या ‘खालच्या’ सुराच्याही खाली असू शकतो. तरी ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही, कारण तो थरथरी मोजत बसलेला नसतो. समोरच्याचा आवाज कुठून कुठपर्यंत जातो याचा अंदाज त्याला दोन-चार शब्दांत येतो आणि पुढचा प्रत्येक सूर तो त्या हद्दीत बसवून ओळखतो.

याला आपल्याकडे पट्टी म्हणतात. बुवा अभंग काळी एकमध्ये म्हणतात, बायकांचं भजनी मंडळ तोच काळी पाचमध्ये. चाल तीच राहते. मँडरिनमधला शब्दाचा सूर म्हणजे चाल आणि वाक्याचा सूर म्हणजे पट्टी, एवढं ध्यानात ठेवलं की कोड्याचा अर्धा भाग सुटतो.

लू साहेब आणि दुसरे लू साहेब

एक छोटं वाक्य घेऊ. ‘था शिंग लू.’ म्हणजे, त्याचं आडनाव लू. इथला ‘लू’ चौथ्या, उतरत्या सुरातला. चिनी आडनावांत दुसरं एक ‘लू’ आहे, ते चढत्या सुरातलं. लिहिताना दोन्हींची अक्षरं वेगळी, माणसं वेगळी, घराणी वेगळी.

आता हे वाक्य प्रश्न म्हणून म्हणायचं आहे: त्याचं आडनाव लू? नवशिका मराठी किंवा इंग्रजी माणूस सवयीने शेवटचं अक्षर वर नेतो. झालं, उतरत्या लूचा चढता लू झाला आणि बिचाऱ्या गृहस्थाचं घराणं बदललं. उलटंही होतं. ‘त्याचं आडनाव वांग’ हे विधान करताना, वाक्य संपलं म्हणून आपण आवाज खाली सोडून देतो. आडनावाचा ‘वांग’ चढत्या सुराचा हवा. उतरत्या सुरातला ‘वांग’ म्हणजे विसरणं.

बीजिंगचा माणूस काय करतो ते बघण्यासारखं आहे. ॲम्स्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं ‘प्रात’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आवाजाच्या उंचीची रेघ पडद्यावर काढून दाखवतं. त्यात विधान आणि प्रश्न एकाखाली एक ठेवले तर दिसतं की प्रश्नाची रेघ सुरुवातीपासूनच थोडी वर असते आणि शेवटाकडे जाताना दोघींतलं अंतर वाढत जातं. शेवटचा ‘लू’ प्रश्नातही उतरतोच. पण तो जास्त उंचीवरून निघतो आणि विधानातल्या लूइतका तळाला जात नाही. उताराची दिशा शाबूत, म्हणून आडनाव शाबूत. उंची बदलली, म्हणून प्रश्न कळला.

यातून एक गंमत निघाली. भाषाशास्त्रज्ञ युआन ज्याहोंग यांनी या शतकाच्या सुरुवातीला मँडरिन बोलणाऱ्यांना अशी वाक्यं ऐकवून, हे विधान की प्रश्न, असं विचारलं. शेवटचं अक्षर उतरत्या सुराचं असेल तर प्रश्न सहज ओळखू आला. चढत्या सुराचं असेल तर ओळखणं कठीण गेलं. आपल्याला वाटेल उलट व्हायला हवं, चढता सूर तर प्रश्नाच्या मदतीला धावून यावा. पण ऐकणाऱ्याच्या बाजूने विचार करा. चढत्या अक्षरात आवाज वर गेला तर ते अक्षराचं कर्तव्यच. त्यात प्रश्नाचा वाटा किती हे वेगळं काढायचं कसं? उतरत्या अक्षराने मात्र पुरेसं खाली जायला नकार दिला की कान लगेच टवकारतात.

सगळं सपाट असलेलं वाक्य

चाओंनी १९३० च्या दशकातच या प्रकाराला एक उपमा दिली होती: शब्दांचे सूर म्हणजे मोठ्या लाटेच्या पाठीवरून जाणाऱ्या छोट्या लाटा. दोन्ही एकाच दिशेने असल्या तर बेरीज, विरुद्ध असल्या तर वजाबाकी. उपमा पुढे पाठ्यपुस्तकांत गेली आणि तिथे मुक्कामाला राहिली. माझ्या मते ती पहिल्या भेटीपुरती ठीक आहे. लाटा एकमेकींत मिसळतात तेव्हा छोटी लाट आहे तेवढीच राहते. चिनी वाक्यात मात्र शब्दाचा सूर ताणला जातो, दाबला जातो, आणि ते बेरीज-वजाबाकीत मावत नाही.

हे कसं ते ध्वनिशास्त्रज्ञ शू यी यांच्या १९९९ च्या प्रयोगात स्वच्छ दिसतं. त्यांच्या वाक्यांपैकी एक होतं ‘माओमी मो माओमी’. माओमी म्हणजे मनीमाऊ, मो म्हणजे हात फिरवणं. मनीमाऊ मनीमाऊला कुरवाळते. अर्थ बाळबोध आहे, पण वाक्य मोठ्या हुशारीने निवडलेलं. पाचही अक्षरं पहिल्या सुरातली, म्हणजे उंच आणि सपाट. शब्दांनी स्वतःहून काही चढ-उतार करायचाच नाही. तेव्हा रेघेत जो चढ किंवा उतार दिसेल तो वाक्याचा.

बोलणाऱ्यांना वेगवेगळे प्रश्न देऊन वाक्यातल्या वेगवेगळ्या शब्दावर जोर द्यायला लावला. कोण कुरवाळतंय, असं विचारलं की जोर पहिल्या माओमीवर. मराठीत आपण ‘च’ लावून मोकळे होतो: मनीमाऊच कुरवाळतेय. मँडरिनमध्ये जोराचा शब्द वर उचलला गेला आणि त्याच्या नंतरचं सगळं वाक्य धपकन खाली येऊन अरुंद पट्टीत सरपटत संपलं. जोर शेवटच्या शब्दावर असेल तेव्हा आधीच्या शब्दांना मात्र धक्काही लागला नाही. म्हणजे जोर फक्त जोराच्या शब्दात नसतो. त्याच्या मागून येणाऱ्यांना दाबून टाकण्यातही असतो.

सपाट उंच सूर जोरात वर जातो हे ठीक. खालचा, तिसरा सूर जोरात आला तर? तो आणखी खाली जातो. ‘घोडा’ ठासून म्हणायचा तर चिनी माणूस खर्जात उतरतो, इतका की पुष्कळदा आवाज चरचरतो. चढता सूर खालून जास्त वर जातो, उतरता जास्त वरून जास्त खाली पडतो. जोर म्हणजे इथे आवाज चढवणं नव्हे, पट्टी रुंद करणं. रागात, आनंदात ती रुंदावते आणि वरही सरकते; माणूस खिन्न असला की आक्रसते. चारही सूर त्या आक्रसलेल्या जागेतही आपापला आकार धरून राहतात.

त्यात आणखी एक उतार सतत चालू असतो. बोलता बोलता छातीतल्या हवेचा दाब कमी होतो, वाक्याचा सूर हळूहळू खाली येतो. मराठीतही येतो. मँडरिनमध्ये मध्ये एखादं खालच्या सुराचं अक्षर आलं की त्याच्या पुढचे उंच सूर एक पायरी खालीच राहतात. लांब वाक्याच्या शेवटी आलेला ‘उंच’ सूर सुरुवातीच्या मध्यम सुराच्याही खाली असू शकतो. ऐकणारा ही घसरण मनातल्या मनात भरून काढतो आणि त्याला तो उंचच ऐकू येतो.

शेजाऱ्यांचा उपद्रव

इथपर्यंत वाक्याने पट्टी ठरवली आणि शब्दाने चाल राखली, असा समजूतदार कारभार दिसतो. प्रत्यक्षात शेजारची अक्षरं एकमेकांच्या सुरात बरीच ढवळाढवळ करतात.

त्याचं एक कारण निव्वळ शारीरिक आहे. स्वरयंत्राचे पडदे ताणायला स्नायूंना वेळ लागतो. शू यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं, तर जितक्या भरभर जमेल तितक्या भरभर ‘सा’वरून शुद्ध ‘ग’पर्यंत चढायला सेकंदाचा साधारण आठवा भाग लागतो. आणि एक चिनी अक्षर उच्चारायला लागतो सेकंदाचा सुमारे पाचवा भाग. म्हणजे खालच्या सुरानंतर लगेच उंच सपाट सूर आला, तर अक्षराचा निम्म्याहून अधिक वेळ वर चढण्यातच जातो. संगणकाच्या पडद्यावरची रेघ चढती दिसते. चिनी कानाला मात्र सूर सपाटच लागतो. अशी अडचणीत सापडलेली अक्षरं वाक्यातून कापून सुटी ऐकवली तर ऐकणारे चुकतात. तीच मूळ जागी ऐकवली की बिनचूक ओळखतात. शेजाऱ्यामुळे किती बिघाड झाला असेल याचाही हिशेब कान ठेवतो.

दुसरं कारण नियमाचं. याला जगभरचे भाषाशास्त्रज्ञ आपल्याच व्याकरणातून उचललेला ‘संधी’ हा शब्द वापरतात. तिसऱ्या सुराची दोन अक्षरं लागोपाठ आली की पहिलं दुसऱ्या सुरात जातं. ‘नी हाओ’ हा नमस्कार दोन खालच्या सुरांचा आहे, पण म्हणताना ‘नी’ चढता होतो. दोनच अक्षरं असतील तर सोपं. पाच असतील तर?

‘लाओ ली माइ हाओ ज्यौ.’ म्हाताऱ्या लीने चांगली दारू विकत घेतली. पाचही अक्षरं तिसऱ्या सुराची. सावकाश बोलणारा आधी ‘लाओ ली’ असा गट पाडतो, ‘हाओ ज्यौ’ असा दुसरा. प्रत्येक गटातलं पहिलं अक्षर चढतं, मधला ‘माइ’ खालीच राहतो. दुसरा कुणी ‘ली’लाही चढवतो, कारण पुढे खालचा ‘माइ’ आहे. घाईत बोलणारा पहिली चारही अक्षरं चढती करून टाकतो, फक्त ज्यौ खाली. तिन्ही उच्चार बरोबर. कोणता निवडायचा हे वाक्याची फोड आणि बोलण्याचा वेग ठरवतो. म्हणजे इथे वाक्य नुसती पट्टी बदलत नाही, शब्दाची चालही बदलायला लावतं. शिकणाऱ्यांना याच ठिकाणी घाम फुटतो. शब्दकोशातला सूर पाठ करून ते येतात आणि वाक्यात तो सूर सापडतच नाही.

‘का’, ‘ना’ आणि त्यांची चिनी भावंडं

मराठीतही प्रश्नाचं सगळं ओझं सुरावर नसतंच. ‘येतोस का?’ म्हटलं की ‘का’ने काम केलेलं असतं. मँडरिनचा ‘मा’ हा शेवटी येणारा प्रश्नार्थक शब्द तसाच. विधान जसंच्या तसं ठेवून त्याला ‘मा’ जोडायचा. किंवा क्रियापदच ‘बू’ मध्ये घालून दोनदा म्हणायचं: ‘छ्यू बू छ्यू’ म्हणजे जातोस की नाही. ‘बा’ हे आपल्या लाडिक ‘ना’च्या जवळचं: ‘चौ बा’, चला ना, निघू या. ‘न’ म्हणजे ‘आणि त्याचं काय?’ यातलं ‘त्याचं काय’.

‘मा’, ‘बा’, ‘न’ हे चिमुकले शब्द हलक्या सुराचे असतात. स्वतःची अशी उंची त्यांना नसते, त्यामुळे वाक्याला पाहिजे तो भाव त्यांच्यावर मोकळेपणाने सोडता येतो. तोच ‘बा’ विनवणीत वेगळा आणि कंटाळ्यात वेगळा वाजतो, अर्थाला बाधा न येता. असा शब्द शेवटी नसेल तर चाओंनी नोंदवलेली दुसरी युक्ती असते: शेवटच्या अक्षराचा सूर पूर्ण म्हणून घ्यायचा आणि मग त्याला एक छोटं शेपूट जोडायचं. उतरतं अक्षर आधी पुरतं उतरतं, त्यानंतर टोकाला किंचित वर वळतं.

गाण्यात मात्र मँडरिन हे सगळं बाजूला ठेवतं. आजची मँडरिन गाणी शब्दांच्या सुरांची फारशी पर्वा करत नाहीत. अर्थ संदर्भाने लागतो.

दक्षिणेत नियम वेगळे

चाल शब्दाची, पट्टी वाक्याची ही वाटणी सगळ्या चिनी भाषांना लागू आहे असं समजू नये. जोरानंतर वाक्य दाबून टाकण्याची बीजिंगची रीत तैवानच्या मिननान भाषेत नाही, कँटोनीजमध्ये नाही आणि तैवानमध्ये बोलल्या जाणाऱ्या मँडरिनमध्येही नाही. भाषा तीच, पण शेजारच्या मिननानच्या सहवासात ही सवय गळून पडली असावी, असं शू यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं आहे.

हाँगकाँग आणि ग्वांगजौच्या कँटोनीजमध्ये तर प्रश्नाने शब्दाला खरोखरच गिळलं आहे. तिथे सहा सूर आहेत, त्यातले अनेक खालच्या भागात दाटीने बसलेले. शेवटी प्रश्नार्थक शब्द न लावता नुसत्या सुराने प्रश्न विचारला, की शेवटचं अक्षर कुठल्याही सुराचं असो, त्याच्या टोकाला चढण येते. खालच्या सुरांची अक्षरं अशी चढली की २५ या चढत्या सुरासारखी वाजू लागतात. प्रयोगात ऐकणाऱ्यांनी, ज्यांची मातृभाषाच कँटोनीज आहे त्यांनीसुद्धा, अशी अक्षरं सर्रास त्या चढत्या सुराची म्हणून ओळखली. आपल्या लू साहेबांच्या बाबतीत बीजिंगमध्ये जे टळलं, ते तिथे घडतं. एरवी संदर्भ सांभाळून घेतो. शिवाय कँटोनीजकडे वाक्याच्या शेवटी लावायच्या शब्दांचा साठा मँडरिनहून कितीतरी मोठा आहे. विश्वास बसत नसताना विचारायचा प्रश्न असेल तर हाँगकाँगचा माणूस शेवटी ‘मे’ जोडतो, उंच सपाट सुरात, आणि त्याच्या आधीच्या शब्दांना आपापल्या सुरात राहू देतो.